पाऊस पाच मिनिटं, वारा मात्र पत्रे घेऊन गेला : सोलापूरचा वळीव असा का?

कुंभारीकर | मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आज संध्याकाळी आमच्याकडे कुंभारीला जे झालं ते आधी सांगतो, मग विचारतो.

सकाळपासून घुसमट होती. रोजचं कोरडं, चटके देणारं ऊन नव्हे, घाम अंगावर तसाच राहतोय असं. आई दहा वाजताच म्हणाली, "आज वळीव येणार, पापड आत घ्या." दुपारी पारा ४२ च्या आसपास. चारला अक्कलकोटच्या बाजूला पांढरे डोंगर उभे राहिले, साडेचारपर्यंत त्यांचा तळ शाईसारखा काळा झाला. पावणेपाचला वारं एकदम पडलं. लिंबाचं पान हलेना. दोन मिनिटांनी अक्कलकोट रोडकडून धुळीची भिंत आली आणि तिच्यासोबत वारा. अंगाला लागला तो गार, अगदी शहारा येईल इतका.

शेजारच्या काकांच्या शेडचे पाच पत्रे गेले. एक उडून मागच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीवर पडला. वाटेत माणूस नव्हतं ही देवाची कृपा. शेडमध्ये दोन माग आहेत, त्यांच्या बीमावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या रुळावर, टॉवेलचं सूत चढवलेलं होतं, ते आधी धुळीनं भरलं आणि मग थेंबांनी. काका संध्याकाळभर काही न बोलता ते सूत हातानं झटकत बसले होते.

पाऊस म्हणाल तर पाच मिनिटं. रुपयाएवढे थेंब. अंगणातली माती वरून ठिपकेदार झाली, बोटभर उकरलं तर खाली कोरडी ठणठणीत.

पाऊस एवढासा, मग एवढा वारा आला कुठून? आणि पत्रे उडायच्या आधी कळेल अशी काही खूण असते का? काका तीस वर्षं पत्र्यावर दगड ठेवतात. आज दगडही खाली आले.

पार्कचौक | मंगळवार, रात्री १०.०५

काळजी वाटली वाचून. माणसं सुखरूप आहेत ते महत्त्वाचं. आमच्याकडे शहरात नुसती धूळ आणि दोन तास लाईट गेली. चक्रीवादळ होतं का हे? व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे तसंच म्हणतायत.

बालाघाट | मंगळवार, रात्री ११.२०

कुंभारीकर, तुम्ही एक फार मोलाची गोष्ट लिहिलीत: वारा गार होता. ४२ अंशाच्या दुपारी जमिनीवर गार हवा कुठेच नव्हती. मग ती आली वरूनच. मी बार्शीला शाळेत विज्ञान शिकवत होतो, आता निवृत्त आहे. जमेल तितकं सविस्तर लिहितो.

आधी ढग कसा उभा राहतो ते. जमिनीलगतची तापलेली हवा वर उठते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते, आणि फुगताना गार होते, दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी. गार होत होत ती दवबिंदूच्या तापमानाला पोचते तिथे वाफेचं पाणी होऊ लागतं. तोच ढगाचा तळ. याचा एक सोपा हिशेब आहे. जमिनीवरच्या तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ नं गुणा, तेवढ्या मीटरवर तळ. आज ४२ आणि दवबिंदू १८ धरला तर २४ गुणिले १२५, म्हणजे ३,००० मीटर. जुलैत कोकणात तापमान २८ आणि दवबिंदू २५ असला तर तळ जेमतेम पावणेचारशे मीटरवर येतो. कोकणातला ढग छपराला टेकलेला, आपला वळवाचा ढग तीन किलोमीटर उंचावर टांगलेला. सगळा फरक इथे आहे.

वाफेचं पाणी होताना दर किलोमागे सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेमुळे वर चढणारी हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि चढतच जाते. तुम्हाला दिसलेले पांढरे डोंगर ते हेच. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. त्याच्याही वर, आपल्या अक्षांशांवर सोळा-सतरा किलोमीटरच्या आसपास, हवा वर जावं तशी गार होणं थांबते. तिथे चढ अडतो आणि ढगाचा माथा आडवा पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा.

आता उतरण. ढगात थेंब आणि गारा जड झाल्या की खाली पडू लागतात, आणि आपल्यासोबत हवेलाही खाली ओढतात. तळाखाली त्यांना भेटते आपली मे महिन्यातली तीन किलोमीटर जाडीची कोरडी हवा. थेंब वाटेतच सुकू लागतात. पाण्याची वाफ व्हायला तीच २५ लाख ज्यूल उष्णता लागते, आणि ती त्या हवेतूनच घेतली जाते. तुमच्या घरातला कूलर आठवा. ओल्या गवतातून कोरडी हवा ओढली की ती गार होऊन बाहेर येते. बाहेर हवा जितकी कोरडी तितका कूलर गार, आणि पावसाळ्यात तोच कूलर निरुपयोगी. ढगाखाली तीन किलोमीटर उंचीचा कूलर चालू असतो असं समजा. हवा दहा-पंधरा अंशांनी गार झाली की भोवतालच्या हवेपेक्षा तीन ते पाच टक्के जड होते. ही जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि फरशीवर बादली ओतल्यावर पाणी पसरावं तशी चहूकडे धावते. तिची कड म्हणजे तुमची धुळीची भिंत.

पाऊस तुमच्या अंगणापर्यंत का पोचला नाही, तर तो वाटेत वारा झाला म्हणून. ज्या कोरडेपणामुळे आपला जिल्हा पावसाला तरसतो, त्याच कोरडेपणानं वळवाला एवढं बळ येतं.

पार्कचौक, हे चक्रीवादळ नव्हे. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं, कित्येक दिवस टिकतं. एकटा गडगडाटी ढग दहा-वीस किलोमीटरचा असतो आणि तास-दीड तासात संपतो. १९४६-४७ साली अमेरिकेत फ्लोरिडा आणि ओहायोमध्ये मुद्दाम अशा ढगांत विमानं घालून अभ्यास केला गेला. त्यातून ढगाच्या तीन अवस्था स्पष्ट झाल्या. आधी सगळी हवा वर चढते, मग चढ आणि उतार शेजारी शेजारी, शेवटी नुसता उतार. म्हणजे पाऊस सुरू झाला की ढग स्वतःचंच इंधन तोडत असतो, कारण खाली पसरलेली गार हवा चढणाऱ्या ऊन हवेची वाट अडवते.

पार्कचौक | बुधवार, सकाळी ७.१५

सर, फार छान समजलं. कूलरचं तर पटकन डोक्यात बसलं. पण मग एक शंका. मे महिन्यात रोजच ४१-४२ असतं. रोज हवा तापते, रोज वर जाते. वळीव रोज का येत नाही?

आभाळवेडा | बुधवार, सकाळी ८.५०

बालाघाट सरांनी पाया घातलाय, मी पुढचं लिहितो. हवामानाचा नाद आहे, रोज सकाळी नकाशे बघितल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

नुसत्या उन्हानं वादळ होत नाही. तीन गोष्टी लागतात: खाली ओल, वर गारवा, आणि हवेला उचलणारं काहीतरी.

ओल सोलापुरात आपोआप नसते, ती बाहेरून यावी लागते. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यापासून अंतर्गत कर्नाटकातून दक्षिणेकडे कमी दाबाचा एक लांब पट्टा बनतो. बातम्यांत 'दक्षिणोत्तर द्रोणीय रेषा' म्हणतात तो हाच. त्याच्या पूर्वेला बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येतात, पश्चिमेला कोरडे किंवा अरबी समुद्रावरचे. दोन्हीकडचे वारे त्या रेषेवर भेटतात. भेटल्यावर हवेला जायला जागा एकच, वर. हा पट्टा कधी आपल्या पूर्वेला सरकतो, कधी पश्चिमेला. म्हणून एक दिवस लातूरला गारा आणि आपल्याकडे नुसत्या झळा, आणि दुसऱ्या दिवशी उलटं.

पण ओल येऊनही सकाळभर काही होत नाही, कारण वर कोरड्या, उबदार हवेचा एक थर झाकणासारखा बसलेला असतो. खालची हवा तिथपर्यंत चढते आणि थांबते. चुलीवर दूध ठेवल्यावर साय धरते ना, तसं. खाली वाफ कोंडत राहते, वरून सगळं शांत दिसतं. साय एका जागी फाटली की दूध सगळं त्याच जागेतून उतू जातं. झाकण मुळीच नसतं तर सकाळपासून छोटे छोटे ढग होऊन ताकद वाटली गेली असती. झाकण फार घट्ट असेल तर दिवस कोरडाच जातो. अर्धवट झाकण असेल तो दिवस धोक्याचा: दुपारी तीन-चारपर्यंत काही नाही आणि मग तासाभरात आभाळ फाटतं.

कुंभारीकरांच्या आईंना 'आज येणार' हे कळलं ते दवबिंदूवरूनच. घाम सुकत नाही म्हणजे हवेत ओल चढलीये. मोबाईलवर तापमान सगळे बघतात, त्याच्याखालचा दवबिंदूचा आकडा बघत जा. आपल्याकडे मेमध्ये तो १०-१२ असेल तर फारसं काही होत नाही. १८-२० वर गेला आणि ऊन ४० च्या पुढे असेल, तर दुपारी पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे नजर ठेवा.

सांगोल्याचीसून | बुधवार, दुपारी १२.३०

मी गारांबद्दल लिहू का? आमची डाळिंबाची बाग आहे. २०१४ ला फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर गारपीट झाली, त्यात आमचीही बाग सापडली. हस्त बहाराची फळं काढणीला आलेली. आवाज आधी आला, दूरवरून मालगाडी यावी तसा. मग पत्र्यावर खडखड. वीस मिनिटांनी बाहेर आलो तर बागेत पांढरा थर आणि त्यात लाल फळं फुटून पडलेली. सासरे बांधावर बसून राहिले. त्यांना तसं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी एक लिंबाएवढी गार उचलून घरात आणली आणि विळीवर मधोमध चिरली. आत कांद्यासारखे पदर होते. मधे दुधी ठिपका, मग काचेसारखा पारदर्शक थर, मग पुन्हा दुधी. आजही तो कापलेला बर्फ डोळ्यांपुढे आहे. कुणी सांगेल का हे पदर कसले? आणि एवढ्या गारा मार्चमध्येच का पडतात, मेमध्ये तर ऊन जास्त असतं?

गारेनं फळ फुटतं तेवढ्यावर थांबत नाही हेही लिहिते. सालीवर आणि फांदीवर जखमा होतात, त्यातून तेल्या रोग शिरतो. त्या वर्षीचं नुकसान आम्ही पुढच्या दोन बहारांत भरत होतो.

आभाळवेडा | बुधवार, दुपारी २.१०

ताई, विळीवर गार चिरून बघितलीत हे फार मोठं केलंत. शास्त्रज्ञही हेच करतात, फक्त पातळ काप घेऊन.

ढगात तापमान शून्याच्या खाली गेलं तरी पाणी पाणीच राहतं. अगदी उणे ३५ अंशांपर्यंत बारीक थेंब न गोठता तरंगत असतात. त्यांना गोठायला काहीतरी आधार हवा असतो. एखादा बर्फाचा कण मिळाला की थेंब त्यावर आपटून तिथल्या तिथे गोठतात. थंड आणि कमी पाण्याच्या भागात थेंब क्षणात गोठतो, आत हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून थर दुधी. पाणी भरपूर असलेल्या भागात थेंब आधी गारेवर पसरतो, मग सावकाश गोठतो, बुडबुडे निसटतात आणि थर काचेसारखा होतो. तुम्ही पाहिलेले पदर म्हणजे ती गार ढगातून कुठून कुठून फिरली त्याचा हिशेब आहे.

लिंबाएवढी गार हवेत तोलून धरायला ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा तरी वर जाणारा झोत लागतो. तो झोत क्षीण झाला किंवा गार त्याला पेलेनाशी झाली की ती त्याच वेगानं खाली येते.

मार्च का, त्याची दोन कारणं. एक, फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडच्या पश्चिमी झंझावातांचा (पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या वादळी प्रणालींचा) प्रभाव कधी कधी दख्खनपर्यंत पोचतो. वर खूप थंड हवा येते आणि शून्य अंशाची पातळी खाली उतरते. मेमध्ये ती पाच किलोमीटरच्या आसपास असते, म्हणजे गारेला वितळायला लांबचा रस्ता मिळतो. बऱ्याच गारा वाटेतच विरघळतात आणि आपल्याला फक्त ते मोठे थेंब मिळतात, कुंभारीकरांनी लिहिलेत तसे. दुसरं, त्या दिवसांत उंचावर पश्चिमेचे वारे जोरात असतात. खाली एक दिशा, वर दुसरी, आणि वेगातही फरक. त्यामुळे ढग तिरका होतो, पाऊस चढत्या झोताच्या अंगावर न पडता बाजूला पडतो. सरांनी सांगितलं की ढग स्वतःचं इंधन तोडतो, तर तिरका ढग ते लवकर तोडत नाही. जास्त वेळ जगतो, गारांना वाढायला वेळ देतो.

होटगीरोड | बुधवार, सायंकाळी ६.००

माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, पत्र्यांच्या बाबतीत मला बोललंच पाहिजे. कुंभारीकर, दगड ठेवणं बंद करा. पत्रा गेला की दगड माणसाच्या डोक्यात जातो.

वारा पत्र्याला ढकलत नाही, उचलतो. छपरावरून वेगानं जाताना वर दाब कमी होतो, आणि दार वाऱ्याच्या तोंडाला उघडं असेल तर आतूनही हवा फुगते. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरला जवळजवळ ३० किलो भरतो. दहा बाय तीन फुटांचा पत्रा म्हणजे पावणेतीन चौरस मीटर, उचल ऐंशी किलोच्या घरात, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन दहा-बारा किलो. कडेच्या पत्र्यावर ओढ याहून जास्त, म्हणून नेहमी कडेचा पत्रा आधी सुटतो आणि मग ओळीनं बाकीचे. शिवाय वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ४० च्या वाऱ्यात तीस वर्षं टिकलेलं छप्पर ८० ला एका मिनिटात जातं.

तेव्हा 'J' आकाराचे हुक किंवा रबरी वायसरवाले स्क्रू लावा, कडेला आणि कोपऱ्यात मधल्यापेक्षा दुप्पट. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचा आडवा आधार, भिंतीत नुसती टेकवलेली असते ती काँक्रीटमध्ये पक्की करा, नाहीतर पत्रे पर्लिनसकट जातात. आणि धुळीची भिंत दिसली की शेडचं दार बंद. शेड कशी आहे ते फोटो टाका, मी येऊन बघून जातो, पैशाचं राहू द्या.

भीमाकाठ | बुधवार, रात्री ९.१५

पंढरपुराहून. चर्चा फार चांगली चाललीये, पण मला २०२० आठवतं. १४ ऑक्टोबरला दिवसभर पाऊस, कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा माणसं गेली, नंतर चंद्रभागेला पूर. तेव्हा वारा असा काही नव्हता आणि पाऊस थांबतच नव्हता. सगळे ढगफुटी म्हणत होते. ते आणि हे एकच का?

बालाघाट | बुधवार, रात्री १०.३०

नाही, ते वेगळं होतं. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा तीव्र पट्टा १३ ऑक्टोबरला सकाळी काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आला, तेलंगणा आणि उत्तर कर्नाटक ओलांडून आपल्या डोक्यावरून पुढे अरबी समुद्राकडे गेला. त्याच्यासोबत समुद्राची ओल कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत भरलेली होती. ढगाखाली कोरडी हवा नव्हतीच. कूलर चालायला कोरडी हवा लागते. ती नसली की थेंब सुकत नाही, सगळा पाऊस जमिनीवर पोचतो. वारा कमी, पाणी अफाट.

ढगफुटी हा शब्द जपून वापरावा. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार वीस-तीस चौरस किलोमीटरच्या छोट्या भागात तासाला १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस म्हणजे ढगफुटी. वर्षभरात सोलापूर जिल्ह्यात सरासरी साडेपाचशेच्या आसपास पडतो, यावरून अंदाज घ्या. दिवसभर पडलेला मोठा पाऊस म्हणजे अतिवृष्टी. हा फरक फक्त शब्दांचा नाही. अतिवृष्टीची सूचना एक-दोन दिवस आधी देता येते, माणसं हलवता येतात. वळवाचा ढग नेमका कुठल्या गावावर फुटेल ते जेमतेम दोन-तीन तास आधी सांगता येतं, तेही रडारवर बघून. दोन्हीला एकच नाव दिलं की दोन्हीची तयारी चुकते.

मोहोळचामेंढका | गुरुवार, सकाळी ६.४०

सगळं वाचलं. आमच्या चुलत्याची मेंढरं बाभळीखाली हुबी हुती, पाऊस आजून आलाबी नव्हता, थेंब नाही, आन ईज पडली. अकरा मेंढरं जागच्या जागी गेली. चुलता धा-पंधरा पावलांवर बसला हुता, त्याला काय झालं नाही. लोक म्हणाले मोबाईल जवळ नव्हता म्हणून वाचला. खरं हाय का हे? आन पावसाआधी ईज कशी काय पडती?

आभाळवेडा | गुरुवार, सकाळी ९.००

दादा, वाईट वाटलं. हे नीट सांगतो, कारण भारतात दरवर्षी विजेनं दोन हजारांवर माणसं जातात आणि त्यांतली बरीच रानात काम करणारी.

मोबाईलमुळे वीज ओढली जात नाही. वीज उंच आणि एकटी वस्तू शोधते: माळावरचं झाड, खांब, उभा माणूस. विजेची सुरुवात ढगात उंचावर होते. तिथे बर्फाचे कण आणि गारांची पिल्लं एकमेकांवर घासतात, हलके कण एक भार घेऊन वर जातात, जड कण उलटा भार घेऊन खाली राहतात. त्याला जमिनीवर पाऊस पोचायची गरज नसते. आपल्या उंच तळाच्या ढगातून पाऊस वाटेत सुकतो, पण वीज सुकत नाही. शिवाय ती पावसापासून दहा किलोमीटर लांबही पडू शकते. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. चमक आणि आवाज यांमधले सेकंद मोजा, तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत, आणि शेवटचा आवाज झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

मेंढरं का गेली: वीज झाडातून जमिनीत उतरते आणि मुळाभोवती चहूकडे पसरते. झाडाजवळ विजेचा दाब जास्त, लांब कमी. जनावराचे पुढचे पाय झाडाकडे आणि मागचे लांब, दोन्हींतल्या फरकानं प्रवाह पोटातून, काळजातून जातो. म्हणून चार पायांची जनावरं एका विजेत एकदम कळपानं मरतात. चुलते लांब होते आणि बसलेले होते, म्हणून वाचले. माळावर सापडलात तर झाडापासून लांब, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही.

वीज लागलेल्या माणसाला हात लावायला लोक घाबरतात, आणि तेवढ्यात जीव जातो. त्याच्या अंगात वीज राहिलेली नसते. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आहे, आजूबाजूच्या २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. चुलत्यांच्या फोनमध्ये टाकून द्या.

भीमाकाठ | गुरुवार, सकाळी ११.२०

आमच्याकडे अजूनही म्हणतात की विमानं येऊन ढग पळवतात. त्याबद्दल कुणी लिहा.

बालाघाट | गुरुवार, दुपारी १.००

तीच पुण्याची संस्था २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरातून प्रयोग करत होती. 'कायपीक्स' नावाचा. आपला भाग पर्जन्यछायेत, म्हणून इथे. रडार बसवलं होतं, विमानं ढगाच्या तळाशी जाऊन मिठासारखे कण सोडत होती, म्हणजे थेंब लवकर मोठे व्हावेत. काही ढगांत कण सोडले, काहींत मुद्दाम सोडले नाहीत, आणि दोघांची तुलना केली. छापलेल्या निष्कर्षात, वाऱ्याच्या दिशेच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात १८ टक्क्यांच्या आसपास जास्त पाऊस आला. ढग पळवणं, फोडणं किंवा नसलेला ढग आणणं यातलं काहीच विमानाला जमत नाही. वळवाच्या ढगात किती ताकद असते ते वर आलंच आहे.

कुंभारीकर, तुम्हाला एक काम सांगतो. कुठलं झाड, कुठला पत्रा, कुठला खांब कोणत्या दिशेला पडला ते लिहून काढा. टेड फुजिता नावाच्या शास्त्रज्ञानं हेच केलं होतं. १९४५ मध्ये हिरोशिमा-नागासाकीला त्यानं झाडं मधल्या बिंदूपासून बाहेरच्या दिशेनं पडलेली पाहिली होती. पुढे अमेरिकेत वादळानंतर विमानातून तशीच नक्षी दिसली, आणि १९७५ मध्ये न्यूयॉर्कला विमान उतरताना कोसळलं तेव्हा त्यानं कोसळत्या हवेचं कारण मांडलं. पडझड पिळवटलेली असेल तर भोवरा. बाहेर पसरलेली असेल तर वरून आपटलेली हवा.

कुंभारीकर | गुरुवार, रात्री ८.३०

आज गावभर फिरलो. चौदा झाडं आणि फांद्या, सगळे पत्रे, दोन खांब. झाडून सगळं वायव्येला पडलंय. पिळवटलेलं काही नाही. होटगीरोड दादा आज येऊन शेड बघून गेले, काकांकडून चहाशिवाय काही घेतलं नाही. रविवारी स्क्रू बसवणार आहोत.

वळसंगपोस्ट | गुरुवार, रात्री ९.०५

इतके दिवस नुसतं वाचत होतो. आमच्याकडे वळसंगलाही तेव्हाच वारा आला, पण आमची झाडं आग्नेयेला पडलीत. तुमच्या बरोब्बर उलट.

बालाघाट | गुरुवार, रात्री ९.२०

मग ते तुमच्या दोघांच्या मधे आपटलं. कुणी जाऊन बघू शकेल का?

कुंभारीकर | शुक्रवार, सायंकाळी ७.१०

जाऊन आलो. वळसंगचे दादा तिकडून आले, मी इकडून, आणि मधल्या माळावर एका शेतापाशी भेटलो. तिथे कडब्याची मोठी गंजी होती. तिच्या पेंढ्या एका बाजूला उडालेल्या नाहीत, गोलाकार पसरल्यात, चारी दिशांना, काही तीनशे पावलांवर. बांधावरची एक बोर उत्तरेला पडलीये, वीस पावलांवरची दुसरी दक्षिणेला.

शेतमालक म्हणाले, "वारं आडवं नाही आलं, वरनं बसलं. कानात दडे बसले." त्यांच्याकडे पाऊस वीस मिनिटं मुसळधार होता. काळ्या रानातल्या भेगा अजून मिटलेल्या आहेत, आणि बांधाच्या खालच्या अंगाला घोटाभर पाणी साचलंय. त्यात पेंढ्या तरंगत होत्या. मालक त्या एकेक काढून उन्हात उभ्या करत होते, आम्हीही तासभर हात लावला.

फोटो उद्या टाकतो.